आईची मोटार

आमच्या घरी मोटार आली ती बैलांनी ओढून आणली. पुढं कुणाची तरी मागून आणलेली जोडी, मागं जाड काथ्याच्या दोराला बांधलेली मोटार, मोटारीचं चाक हातात धरून ताठ बसलेले इस्माईलचाचा आणि त्यांच्या शेजारी डोक्यावर छत्री धरून आमचे तात्या. पाऊस संपला होता, ऊनही फारसं नव्हतं. पण मोटारीचं टप इतकं सडलं होतं की धक्क्यासरशी वरनं गंजाचा चुरा पडे, म्हणून छत्री. सगळी आळी आपापल्या दगडी गडग्याशी उभी राहून बघत होती. मोटार आमच्या पाखाडीच्या तोंडाशी येऊन थांबली, कारण पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या, तिच्यावरनं वर यायची सोय नव्हती. तात्यांनी छत्री मिटली आणि कुणाकडेही न बघता ते घरात येऊन पाय धुऊ लागले. ते कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखं, पण खिळा ठोकायचा तर अंगठ्यावर हातोडी बसायचीच. अशा माणसानं मोटार आणली याचा अर्थ आळीत कुणाला लागेना.

ती एक जुनी सर्व्हिस मोटार होती. एके काळी उतारू घेऊन घाटापर्यंत जायची. मालकानं नवी घेतल्यावर ही, पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्याच्या वाटेवर, माडांच्या बागेत पडून राहिली. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा खाल्ला, बाकांची गादी उंदरांनी नेली आणि बागवानाच्या कोंबड्यांनी आत संसार मांडला. तात्यांना ती भंगाराच्या भावात मिळाली. त्यातली एक कोंबडी तर मोटारीबरोबरच आली. मागच्या बाकाखालून बाहेर पडून ती आमच्या खळ्यात, पुढच्या अंगणात, चरायला लागली आणि पुढं वर्षभर तिथंच राहिली.

माजघरातून आईनं मला हाक मारली. "सुमे, बाहेर कसला आवाज गो?"

मी सांगितलं की तात्यांनी मोटार आणली. आईनं कान दिला. मग म्हणाली, "मला तर बैलांचे घुंगूर ऐकू आले."

आई तेव्हा तीन वर्षं निजून होती. पोटमाळ्यावरनं आठळ्यांची टोपली उतरवताना शिडी सरकली आणि ती पाठीवर पडली. मुंबईहून सुट्टीवर आलेल्या एका डॉक्टरनं तपासून सांगितलं की कण्याला मार आहे, पायांत जोर येणं कठीण. पाठीला उशा लावून ती थोडा वेळ बसू शकायची, पण बैलगाडीचा एक धक्काही तिला सोसत नसे. डोलीत घालून चार माणसांनी उचलून न्यावं तर त्याला तिची तयारी नव्हती. चार जणांनी आपल्याला उचलायचं ते एकदाच, असं ती तोंडावर सांगायची. त्यामुळं माजघराच्या बाहेर ती गेलीच नव्हती. घर मात्र तिच्याच हातात होतं. ती आवाजावरनं आणि वासावरनं घर चालवायची. मी चुलीवर कुळथाचं पिठलं रटरटत ठेवलं की तिकडनं सांगायची, आता कोकम टाक. तांदळाची भाकरी तव्यावर जरा जास्त राहिली की तिला आधी कळायचं, मला नंतर. विहिरीवर रहाट कुरकुरला तर कुणी ओढतंय ते ती कुरकुरीवरनं ओळखी. माझी शाळा तिच्या पडण्यानं सुटली होती, पण मला वाईट वाटत असे ते शाळेपेक्षा या गोष्टीचं की आईला दिसायचं ते फक्त वासे, कौलं आणि कौलांमधलं एक काचेचं कौल. त्यातून दुपारी उन्हाचा एक तुकडा तिच्या पांघरुणावर पडायचा आणि सरकत सरकत भिंतीवर चढून जायचा.

त्या काळात बायको अशी अंथरुणाला खिळली तर पुरुषानं दुसरं लग्न करणं यात कुणाला काही गैर वाटत नसे. त्यातून आम्हांला भाऊ नव्हता, मी एकटीच. आळीतल्या बायका हळदीकुंकवाला येऊन आईच्या उशाशी बसायच्या आणि सुस्कारे टाकायच्या. पण तात्यांपाशी ही गोष्ट काढली ती दुसऱ्या कुणी नाही, आईनंच. दिवाळीच्या आधी, तात्या तिच्या अंथरुणाजवळ पाट मांडून जेवत होते, कारण ते रोज तिथंच जेवायचे. आई नेहमीच्या आवाजात म्हणाली की सुमा आता दोनतीन वर्षांत जाईल आपल्या घरी, मग ह्या घरात ताट कोण वाढणार. तुम्ही दुसरं लग्न करा, मी आनंदानं सांगते. मी ताक वाढत होते. तात्यांनी ताकभात कालवला, सगळा संपवला, बोटं धुतली आणि उठून गेले. हो नाही, ना नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोटार आली. या दोन गोष्टी एकमेकींना जोडून बघायची अक्कल मला तेव्हा नव्हती. आईलाही जोडता आल्या नसाव्यात, नाही तर पुढचं घडलं नसतं.

इस्माईलचाचा तात्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. राजिवड्याला राहायचे. वीस वर्षं आगबोटीच्या इंजिनाशी काढून ते नुकतेच घरी बसले होते आणि घरी बसून त्यांना काही सुचत नव्हतं. मोटारीच्या चाकाला ते सुकाणूच म्हणायचे. बोलणं अखंड, आणि प्रत्येक वाक्यात बसरा नाही तर एडन. आगबोटीचं इंजिन ज्यानं चालवलं त्याला ही मोटार म्हणजे खेळणं, असं ते रोज सकाळी म्हणायचे आणि संध्याकाळी काळ्या हातांनी, काही न बोलता परत जायचे. आगबोट वाफेवर चालते आणि मोटार पेट्रोलवर, हा फरक त्यांना बराच नडला. शेवटी कोल्हापूरच्या एका सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरला त्यांनी कोळंबीचं जेवण घातलं आणि त्याच्याकडून हवं ते काढून घेतलं. मग एका सकाळी हँडल मारताच इंजिन खोकलं, थांबलं, पुन्हा खोकलं आणि सुरू झालं. सगळ्या आळीतली कुत्री भुंकायला लागली. मी धावत माजघरात गेले तर आई हसत होती. किती दिवसांनी ती तशी हसत होती. म्हणाली, "दमेकऱ्यासारखी आहे गो. पण जिवंत आहे."

चाचा पडवीत चहा प्यायचे. त्यांचा कप पडवीतल्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे आणि तो ते स्वतःच विसळून पालथा घालून जायचे. तेव्हाची ती रीत होती. ज्या माणसानं आमच्यासाठी तीन महिने उन्हात पाठ भाजून घेतली त्याचा कप वेगळा, हे मला तेव्हा खटकलं नाही. आता लिहिताना हात थांबतो.

इंजिनाचं काम चाचांचं, तर आतलं काम तात्यांचं. मोटारीतनं सगळे बाक काढून टाकले तेव्हा मला कळलं की ही मोटार उतारूंसाठी नाही. तात्यांना तिच्यात एक बिछाना करायचा होता, असा, की रस्त्याचा धक्का त्याला लागू नये. चाचांनी जहाजावरचा अनुभव सांगितला आणि दोघांनी टपाच्या लाकडी कमानींना दोर बांधून बाज टांगली. आधी मी निजून बघते म्हणाले, तर तात्यांनी मला हाताला धरून बाजूला केलं आणि स्वतः निजले. चाचांनी मोटार सड्यावर, त्या उघड्या जांभ्याच्या पठारावर, नेली आणि चांगली दोनचार कोस फिरवून आणली. परत आले तेव्हा तात्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि कपाळावर टेंगूळ होतं. बाज पाळण्यासारखी झुलत होती. झुलून झुलून त्यांना ओकारी आली होती. मग बाजेला खालूनही चार दोर लावून ती ताणून धरली. तात्या पुन्हा निजले, पुन्हा सड्यावर फेरी. असं कितीतरी वेळा झालं. कचेरीतनं यायचे, कोट काढायचे, मोटारीत जाऊन आडवे व्हायचे. खाली काथ्याची जाड गादी भरून घेतली, चाकांवरच्या, धक्का खाणाऱ्या पोलादी पाट्यांना तेल पाजलं, चाकातली हवा थोडी कमी केली. शेवटी एका संध्याकाळी तात्या सड्यावरनं परत आले ते झोपेतच. चाचांनी त्यांना हलवून उठवलं आणि म्हणाले, "तात्या, आता वहिनींना न्यायला हरकत नाही."

तात्यांनी केलेली आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. बाजूच्या फळ्या नव्यानं ठोकल्यावर सुतारानं खिडकीची जागा आखली, बसलेल्या माणसाला दिसेल अशी. तात्या बाजेवर निजले, मान बाजूला वळवली आणि फळीवर खडूनं रेघ मारली. खिडकी तिथं कापली. बाहेरनं बघणाऱ्याला ती विचित्र दिसायची, फार खाली, जणू सुताराची चूक झाली. येणारे जाणारे हसायचे. मला आता ऐंशी उलटल्यावर, पाठ धरली की दोन दोन दिवस पडून राहावं लागतं, तेव्हा दवाखान्यातल्या आणि लेकाच्या घरातल्या सगळ्या खिडक्या किती वर आहेत ते दिसतं.

बाकीचं मी केलं. आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचे पडदे शिवले. स्टोव्ह ठेवायला पत्र्याची चौकट, पाण्याच्या मडक्याला काथ्याची चुंबळ, आंबोळ्यांच्या पिठाचा डबा टांगायला आकडा. राजिवड्याहून होडीचा उरलेला निळा रंग चाचांनी आणला, तो बाहेरनं फासला. आतनं पांढरा चुना दिला तेव्हा ते लहानसं स्वयंपाकघरच दिसायला लागलं. मला वाटे, आपण इथंच राहावं.

मग तात्यांनी आईला विचारलं की पहिल्यांदा कुठं जायचं. आम्हांला वाटलं जवळपासचं काही सांगेल, फार तर गणपतीपुळं. आई म्हणाली, हेदवी. दशभुज गणपतीचं दर्शन घ्यायचंय, आणि तिथं बापूमामा आहेत, त्यांच्याकडे उतरू. बापूमामा आईचे लांबचे भाऊ. तात्या लगेच हो म्हणाले. चिपळुणावरनं जावं तर फार लांब आणि वळणावळणाचं. जयगडला खाडी ओलांडली की पलीकडे हेदवी तशी हाकेवर. पण जयगडच्या तरीवरनं, म्हणजे खाडीपार नेणाऱ्या होड्यांवरनं, मोटार कधी गेली होती की नाही ते कुणालाच माहीत नव्हतं. चाचा म्हणाले, त्यात काय, बसऱ्याला आम्ही बोटीवर उंट चढवले आहेत.

निघायच्या आदल्या दिवशी मी आईच्या केसांना तेल लावत होते. तेव्हा तिनं मला खरं कारण सांगितलं. बापूमामांची लेक वेणू विशीची झाली होती, आई नसलेली, सगळं घर तिच्या अंगावर. हुंड्यापायी लग्न अडलं होतं. आईनं बापूमामांना निरोप पाठवला होता. देवदर्शन होईल, वेणूला तात्या बघतील, आणि तिथंच बोलणं करून टाकू. "घरात बोललं तर हे ऐकायचे नाहीत," ती म्हणाली. "परक्याच्या घरी भिडेला पडतील. तू काही बोलू नकोस." तिच्या आवाजात कुठं कंप नव्हता. पण केसांतनं माझी बोटं फिरत होती आणि तिची मान दगडासारखी घट्ट झाली होती. मी विचारलं, तुला चालेल? ती म्हणाली, "घराला मुलगा हवा. आणि ह्यांना गरम जेवायला वाढणारं माणूस हवं. मला काय चालतं ते मी तीन वर्षं बघतेच आहे." मी वेणी घातली. घराला मुलगा हवा हे तिनं माझ्यासमोर असं म्हटलं. शेवटच्या पडद्याला दोरी ओवायची राहिली होती, ती जाऊन ओवली.

सकाळी तात्यांनी आईला स्वतः उचललं. किडमिडीत माणूस, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. धोतराचा काचा मारला आणि तिला हातांवर घेऊन पाखाडीच्या पायऱ्या उतरायला लागले. चाचा पुढं तोंड त्यांच्याकडे करून उलटे उतरत होते, एकेक पायरी सांगत. आळीतले लोक गडग्याशी होते, पण आईनं डोळे मिटून तोंड तात्यांच्या खांद्याशी लपवलं होतं, तिनं कुणाला पाहिलं नाही. मोटारीत त्यांनी तिला बाजेवर ठेवलं. आईनं डोळे उघडले. समोर खिडकी होती.

गाव मागं पडलं, सडा आला. वाळलेल्या गवताचा तांबूस रंग, मधूनच काळा कातळ, पलीकडे भात कापून मोकळी झालेली शेतं आणि त्यांत कुळथाचा हिरवा पट्टा. आई बोलेचना. मला भीती वाटली की पाठ दुखत असेल. मी वाकून पाहिलं तर ती कुशीवर होऊन, गालाखाली हात घेऊन, नुसती बघत होती. एका वाडीत एक म्हातारी अंगण सारवत होती, आई म्हणाली, "शेण पातळ झालंय तिचं." पुढं एका वळणावर एकदम समुद्र दिसला. तिनं विचारलं, हा आपलाच ना गो, मांडवीवरनं दिसतो तोच? मी हो म्हटलं. नंतर जयगड येईपर्यंत ती बोलतच राहिली. तात्या पुढं चाचांच्या शेजारी बसले होते आणि मान वळवून वळवून मागं बघत होते, शेवटी चाचांनी त्यांना सांगितलं की एकानं तरी पुढं बघावं.

तरीच्या तांडेलानं दोन पडाव शेजारी बांधून, वर फळ्या टाकून सांगड केली होती. भरती पूर्ण होईपर्यंत थांबायचं होतं, म्हणून मी स्टोव्ह पेटवून चहा केला. मोटारीत सगळे कप एकसारखे टिनचे होते. कुणाच्या हाती कुठला गेला ते कुणी पाहिलं नाही, आणि पुढं घरी गेल्यावर कोनाड्यातला तो कपही कुणी पुन्हा काढला नाही. मग तांडेल आला आणि म्हणाला, मोटार चढवू, पण माणूस आत नको; बाईंना वेगळ्या होडीतनं नेऊ. म्हणजे पुन्हा उचलणं आलं, तेही धक्क्यावरच्या एवढ्या लोकांसमोर. तात्या आईकडे बघायला लागले. आईनं खिडकीतनं तांडेलालाच सांगितलं, "मी उतरणार नाही. बुडाले तर मोटारीसकट बुडेन. तुम्ही दोर तेवढे घट्ट बांधा."

तांडेलानं डोक्यावरचं फडकं काढून पुन्हा बांधलं आणि तो कामाला लागला. चाकं सरकू नयेत म्हणून चिऱ्यांची उटी लावली, चारी बाजूंनी दोर ताणले. मोटार फळ्यांवर चढली तेव्हा दोन्ही पडाव केवढे तरी खाली गेले. तात्या आत येऊन आईच्या पायांशी बसले. पोहता दोघांनाही येत नव्हतं. खिडकी इतकी खाली की आईला काठ दिसत नव्हता, नुसतं हिरवं पाणी उजेडात हलताना दिसत होतं. मध्यावर आल्यावर ती तात्यांना म्हणाली की अंथरूण पाण्यावर टाकल्यासारखं वाटतंय. तात्यांनी एका हातानं बाजेचा दोर आणि एका हातानं तिचा पाय धरला होता. तिला पायाला स्पर्श कळत नसे हे त्यांना माहीत होतं.

बापूमामांचं घर सुपारीच्या बागेत. खळं मोठं होतं, मोटार थेट पडवीसमोर उभी राहिली. मागचा पडदा वर बांधला की आईला पडवीतलं सगळं दिसायचं आणि तिचं बोलणं पडवीत ऐकू यायचं, त्यामुळं तिला उतरवायची गरजच पडली नाही. वेणू शहाळं घेऊन आली ती सरळ मोटारीत चढली. उंच, सावळी, हसताना तोंडावर हात घेणारी. तिनं मडक्याची चुंबळ पाहिली, आकड्याला टांगलेला डबा पाहिला, बाजेचे दोर ओढून पाहिले आणि आईला विचारलं की वळणावर मडकं सांडत नाही का. आई तिच्याकडे टक लावून बघत होती. मीही बघत होते, आणि मला ती आवडत होती, ह्याचाच मला राग येत होता.

दर्शन दुसऱ्या दिवशी झालं. देवळाच्या पायऱ्या आईला शक्य नव्हत्या. तिनं मोटारीतनंच हात जोडले आणि आम्ही अंगारा आणून लावला. दुपारी केळीच्या पानावर जेवणं झाली, फणसाच्या आठळ्यांची भाजी, वालाचं बिरडं, वर वेणूनं केलेली खांडवी. पुरुष पडवीत पान खायला बसले. चाचा बागेत माडाखाली निजले होते. मी मोटारीत आईला वारा घालत होते. बापूमामांनी सुपारी कातरत म्हटलं की ताईचा निरोप मिळाला होता, तुम्ही आलातच आहात, तर मुलीला बाहेर बोलावतो, बघून घ्या.

तात्यांना काही समजलं नाही. त्यांनी विचारलं, कुणासाठी बघायची? बापूमामा गोंधळले आणि मोटारीकडे बघू लागले. तात्यांनीही मोटारीकडे पाहिलं. माझा पंखा थांबला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला होता.

तात्यांनी हातातलं पान खाली ठेवलं. "बापू, तुमच्या मुलीत काही कमी नाही," ते म्हणाले. "ज्याच्या घरी जाईल त्याचं भाग्य. पण माझ्या घरी बायको आहे. ती निजून असते. निजून असते म्हणून ती नाही, असं नाही."

त्यांचा आवाज चढला नव्हता. ते उठले, बापूमामांसमोर त्यांनी हात जोडले, आणि येऊन मोटारीच्या मागच्या पायरीवर, आमच्याकडे पाठ करून बसले. मला निघून जावंसं वाटत होतं, पण पायरी अडलेली होती.

आई त्यांच्या पाठीकडे बघत म्हणाली, "चार माणसांत माझा अपमान केलात."

"तू मला विचारलं नाहीस."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात."

"हो."

"आणि घराला मुलगा?"

तात्या म्हणाले, "सुमा आहे."

एवढंच. माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी पंखा पुन्हा हलवायला लागले. हे दोन शब्द मी पुढं आयुष्यात कुठं कुठं बरोबर नेले ते इथं सांगत बसत नाही. आईनं तोंड फळीकडे केलं आणि ती आमच्याशी बोलेनाशी झाली.

त्या संध्याकाळी विहिरीवर वेणूनं माझा हात धरला. म्हणाली, "तुझ्या आईचा मला राग नाही हो. पण तुझे वडील बोलले ते मी आतनं ऐकलं. बरं वाटलं." तिला कित्येक दिवस नीट झोप लागली नव्हती, तिच्या बापाच्या वयाच्या माणसाशी लग्न, तेही दुसरेपणावर, पण नाही म्हणायची तिची छाती नव्हती. मग ती माझ्यासाठी गजरा करत बसली. पुढं दीडएक वर्षानं चिपळूणच्या एका मास्तराशी तिचं लग्न झालं. ते जमवलं आईनं, अंथरुणावरनं सगळीकडे निरोप धाडून, आणि लग्नाच्या दिवशी निळी मोटार मांडवाला लागून उभी होती. अक्षता टाकायला नवरानवरीच तिच्या खिडकीशी आले.

पण ते पुढं. परत निघालो तेव्हा आई अजून बोलत नव्हती. खाडीकाठच्या तवसाळच्या अलीकडे एका चढावर मोटार अडली, तात्या आणि मी उतरून मागनं लोटत होतो, चाचा पुढनं ओरडत होते, आणि आत आई मुकाट. एरवी तिनं दहा सूचना केल्या असत्या. तात्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटायला लागलं की ही मोटार आता पाखाडीच्या तोंडाशी उभी राहणार आणि परत सडणार. चाचांना सगळं कळलं होतं. ते एडनच्या गोष्टी सांगत राहिले, कुणी ऐकत नसतानाही.

तरीवर आलो तर ओहोटी. भरतीची वाट बघत थांबावं लागणार होतं. मी स्टोव्ह वाळूत उतरवून चहा ठेवला, आंबोळ्या घातल्या. तात्या खाली वाळूत बसले होते, मोटारीच्या खिडकीच्या अगदी खाली. चिखलात बगळे उभे होते, पलीकडे जयगडचा किल्ला उन्हात तापत होता. तात्यांनी पहिली आंबोळी आईसाठी खिडकीतनं वर दिली. तिनं ती घेतली. मी स्टोव्हशी वाकले होते, मागं वळून पाहायचं मला धैर्य होईना.

मग खिडकीतनं आईचा आवाज आला. "अहो, आंजर्ल्याच्या गणपतीला जायचं तर अशा खाड्या किती लागतात?"

तात्या वाळूत बोटानं रेघा मारून मोजायला लागले. चाचांनी तोंड उघडलं होतं, मी त्यांना हातानं थांबवलं.

"तीन," तात्या म्हणाले. "ही धरून."

"मग होळीच्या आत जाऊन येऊ. नंतर वारा सुटतो." आंबोळीचा तुकडा मोडल्याचा आवाज आला. "आणि सुमे, ह्यांना गरम दे. मघापासून रिकामेच बसलेत."